ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि रिचर्ड डी प्यूमा यांचे संशोधन

सातवाहनकालीन महाराष्ट्राच्या परदेशी व्यापाराचा विचार करताना कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पंचगंगेकाठच्या या टेकडीत १९४४-४५ च्या सुमारास राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदणगार यांना कांस्यवस्तूंचा निधी मिळाला. ग्रीक समुद्रदेवता पोसायडनची वीतभरही नसलेली मूर्ती आणि रोमन घडणीची सुरई यांच्याच सोबत त्यात स्वारांसह हत्तीचे अस्सल भारतीय शिल्पही होते.

त्यानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. तथापि निधी या उत्खननापूर्वीच हाती आलेला होता. म्हणून त्यातील वस्तूंचा अभ्यास पुढे मुख्यतः शैलीच्या आधारे झाला. कार्ल खंडालावाला यांचा १९६० चा लेख त्याच परंपरेतील होय.

या अभ्यासाला भूमध्यसागरी कलेच्या जाणकाराची जोड मिळाली ती रिचर्ड डी प्यूमा यांच्यामुळे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात त्यांनी अभिजात कला व पुरातत्त्व या विषयांचे दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांची ओळख प्रामुख्याने एट्रुस्कन कलेचे अभ्यासक अशी आहे. एट्रुस्कन कांस्य आरशांच्या सूचिग्रंथांवर त्यांनी काम केले आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एट्रुस्कन संग्रहावर ग्रंथ लिहिला. इटलीच्या धातुकलेत मुरलेल्या नजरेला कोल्हापूरच्या सुरईचे नातेवाईक ओळखता यावेत, यात नवल नाही! विमला बेगले यांच्यासह संपादित केलेल्या, रोम व भारत यांच्या सागरी व्यापारावरील १९९१ च्या ग्रंथात त्यांनी या रोमन कांस्यवस्तूंवर स्वतंत्र प्रकरण लिहिले.

या पद्धतीचे मोल मोठे आहे, पण तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. शैलीवरून वस्तू कोठे व केव्हा घडली हे सांगता येते. ती कोल्हापुरात कधी आली, किती पिढ्या जपली गेली, हे सांगावयास स्तरांचाच पुरावा लागतो. आपल्याकडील पाठ्यपुस्तके मात्र मूर्तीचा घडणकाळ हाच व्यापाराचा काळ मानून मोकळी होतात. शिवाय परदेशी पाहुण्याचे कौतुक करताना शेजारचा हत्ती दुर्लक्षित राहतो, तो वेगळाच. वास्तविक, दोन्ही वस्तू एकत्र का ठेवल्या गेल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पोसायडन आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.