संगणक माउसची रचना आणि हातावरील ताण

संगणक माउसची रचना आणि हातावरील ताण हा अर्गोनॉमिक्स, म्हणजे काम आणि शरीर यांचा मेळ अभ्यासणाऱ्या शास्त्रातील एक विषय आहे. माउसचा आकार, उंची, उतार आणि टेबलावरील जागा यांनुसार बोटे, मनगट, कोपरापुढील हात व खांदा यांच्या स्नायूंवरील भार बदलतो. माउस हलवण्यास बळ थोडेच लागते. परंतु हात दीर्घकाळ एकाच स्थितीत रोखून धरावा लागत असल्याने ताण निर्माण होतो.

पार्श्वभूमी

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पहिला माउस तयार केला. त्याचे आवरण लाकडी होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश संगणक आल्यानंतर माउसचा प्रसार वाढला. तळहात खाली वळवून धरण्याची पद्धत मात्र कायम राहिली.

ताणाची कारणे

तळहात टेबलाकडे वळवला की कोपरापुढील दोन हाडे, रेडियस व अल्ना, एकमेकांवरून तिरकी जातात. ही स्थिती टिकवण्यासाठी हात आत वळवणारे स्नायू आखडलेले राहतात. उंच माउसमुळे मनगट मागे झुकते. नकळत कळ दाबली जाऊ नये म्हणून बोटे किंचित उचलून धरली जातात. त्यामुळे बोटे उचलणाऱ्या स्नायूंना विश्रांती मिळत नाही. कीबोर्डच्या उजवीकडील अंकांच्या कळांमुळे माउस दूर जातो आणि हात बाहेरच्या बाजूस ताणला जाऊन खांद्यावर भार येतो.

मनगटातील कार्पल टनेल या अरुंद मार्गातून नऊ कंडरा व मीडियन नस जाते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ निरोगी व्यक्तींच्या कार्पल टनेलमधील दाब तीन प्रकारचे माउस वापरताना मोजण्यात आला. माउसवर हात नुसता ठेवला असता आढळलेल्या दाबापेक्षा कळ दाबून वस्तू ओढताना तो बराच अधिक, पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत आढळला. यावरून माउसच्या आकाराइतकेच त्याने केले जाणारे कामही महत्त्वाचे ठरते.

रचनेचे प्रकार

उभा माउस हस्तांदोलनासारख्या स्थितीत धरला जातो. त्यामुळे हात आत वळवणाऱ्या स्नायूंचा भार कमी होतो. मात्र सवय होईपर्यंत अचूकता व वेग घटू शकतो. ट्रॅकबॉलमध्ये उपकरण स्थिर राहून केवळ गोळा फिरवावा लागतो. त्यामुळे खांद्याची हालचाल कमी होते, परंतु अंगठ्याने फिरवण्याच्या प्रकारात अंगठ्यावर भार वाढतो. फार लहान माउस बोटांच्या टोकांनी चिमटीत धरावा लागतो. ॲपलने १९९८ मध्ये आयमॅकसोबत दिलेला गोल माउस हातात नीट बसत नसल्याची टीका झाली आणि २००० मध्ये त्याची जागा लांबट माउसने घेतली.

ताण कमी करण्याचे उपाय

कोणत्याही एका रचनेने ताण पूर्णपणे नाहीसा होत नाही. अनेकदा तो एका स्नायूवरून दुसऱ्यावर सरकतो. म्हणून हाताच्या मापाचा माउस निवडणे, तो कीबोर्डलगत ठेवणे, कोपरापुढील हाताला टेबलाचा आधार देणे, पडद्यावरील बाणाचा वेग वाढवून हालचाल कमी करणे आणि शक्य तेथे कीबोर्डवरील आज्ञा वापरणे उपयुक्त ठरते. कामात वारंवार थोडा थोडा विराम घेणेही आवश्यक असते. बोटांना मुंग्या येणे, बधिरता किंवा पकड सैल होणे ही लक्षणे टिकून राहिल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.