घाटावरची सुकट

नाशिक समुद्रकिनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून थोडे अधिक लांब आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. बर्फ आणि मोटारी येण्यापूर्वी ताजी समुद्री मासळी एवढी वाट टिकणे शक्यच नव्हते. तरीही दिवेलागणीला रानातून परतलेल्या बाईने तव्यावर सुकट परतून तासाभरात जेवण उरकावे, ही जिल्ह्यातल्या असंख्य घरांची जुनी रीत आहे. गोड्या पाण्यातली मासळी नदीकाठी मिळे, पण घरात साठवून ठेवायची मासळी मात्र खालून, कोकणातून येई.

ती टिकाऊ होई किनाऱ्यावर. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे तो काही तासांतच खराब होऊ लागतो. सातपाटी, अर्नाळा, वसईकडचे कोळी तो मिठाशिवाय, नुसत्या उन्हावाऱ्यावर वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर टांगायची. जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळवायला खळ्यावर पसरतात. घाटावर तीच सुकट. बांगड्यासारख्या तेलकट मासळीला मात्र मीठ लागते. इंग्रजी अमलात मिठावर जबर कर होता, हे लक्षात घेतले म्हणजे बिनमिठाच्या बोंबील-सुकटीचा स्वस्तपणा अधिक उमगतो. पाणी गेल्यावर वजन घटते आणि पोषण एकवटते: १०० ग्रॅम सुक्या बोंबलात ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. बैलाच्या पाठीवर घाट चढवायला असा माल सोयीचा.

घाटाची वाट फार जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेल्या, उषवदात या राजपुरुषाच्या लेखांत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत, नाशिकजवळचे गोवर्धन आणि किनाऱ्यावरचे शूर्पारक म्हणजे सोपारा, या दोन्ही ठिकाणांचा उल्लेख आहे. लेखांत मासळीचा विषय अर्थातच नाही. बंदर आणि घाटमाथा यांचे नाते मात्र त्यातून दिसते. पुढे वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन खाली उतरत आणि मीठ घेऊन वर येत. खरा फरक रेल्वेने पडला. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८६१ मध्ये रूळ कसाऱ्याला पोचले आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. सदतीस फुटांना एक फूट अशी ती चढण आजही जादा इंजिन लावल्याशिवाय बहुतेक गाड्यांना पेलत नाही. दिवसांचा प्रवास तासांवर आला.

वर आलेला माल आठवडे बाजारांतून गावोगाव पसरला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात आणि वाळवणही थांबते, म्हणून वैशाखातच बेगमी करायची, डबे भरायचे आणि मधूनमधून ऊन दाखवायचे. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यात सुकट नागलीच्या भाकरीशी खाल्ली जाते, तर पूर्वेकडे येवला-मालेगावच्या अंगाला बाजरीच्या. शेतमजूर, कष्टकरी, दलित आणि आदिवासी घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. नाशिक या तीर्थक्षेत्राच्या पेठेत मात्र तिच्या वासावरून नाके मुरडली गेली. त्यात वासापेक्षा जातीचा भाग मोठा होता. आषाढात आखाडीचा बेत झाला की पुष्कळ घरांत श्रावणभर डब्याचे झाकण बंद राहते.

कृती थोडक्यात होते, पण निवडण्यात कसूर चालत नाही. सुकट सुपात पाखडून वाळू, कचरा काढायचा. कोरड्या तव्यावर मंद आचेवर ती कुरकुरीत होईपर्यंत भाजायची, हाताने चोळून पुन्हा पाखडायची, म्हणजे मिशा आणि टोके निघून जातात. मग झटपट धुऊन घट्ट पिळायची. भिजत ठेवली की चव गेलीच. तेलात भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, तिखट, हळद, वर सुकट आणि शेवटी मीठ. लासलगावच्या या मुलखात कांद्याची वाण कधीच नव्हती. बोंबलाचे तुकडे करून वांग्याबरोबर काळ्या मसाल्याचा रस्सा करतात. त्याला थोडा वेळ अधिक लागतो. दोन्हींसाठी बाजारात जावे लागत नाही.

घरात साठवायच्या मासळीचे हे काम पत्र्याच्या डब्यातली मासळीही करू शकली असती. डबाबंद अन्नाचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात निघाले आणि गोऱ्या पलटणींच्या शिध्यात पोचले. नाशिकजवळच देवळालीची छावणी १८६१ पासून आहे. पण छावणीबाहेरच्या स्वयंपाकघरात तो डबा रुजला नाही. तो महाग होता, आणि मूठभर काढून उरलेले पुढच्या आठवड्यासाठी ठेवण्याची सोय त्यात नव्हती. सुकटीत ती होती.

नंतर दारणा, गंगापूर यांसारख्या धरणांतून रोहू-कटला मिळू लागले आणि मुंबई-आग्रा रस्त्याने बर्फातली समुद्री मासळीही रोज येऊ लागली. त्यामुळे सुक्या मासळीचे ताटातले स्थान आक्रसले; ती संपली नाही. उलट निवडलेल्या, भाजलेल्या सुकटीची बंद पाकिटे आता दुकानांत मिळतात. बाजारातली सुटी सुकट अजूनही घरी आणून पाखडूनच घ्यावी लागते.