आकाशातून पडलेली शिवणारी बाई

विळीवर भाजी चिरताना तिचे लोखंड आले कोठून, असा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. ग्रीनलंडच्या वायव्य टोकाकडील इनुघुइट एस्किमो स्त्रियांना मात्र आपल्या सुरीचे माहेर ठाऊक होते. एका दुष्ट शक्तीने एक शिवणारी बाई, तिचा कुत्रा व तिचा तंबू आकाशातून खाली लोटला; त्यांचेच हे लोखंडी दगड झाले, अशी त्यांची कथा. अशनीच त्या! बाई सुमारे तीन टनांची, कुत्रा चारशे किलोंचा आणि तंबू तर सुमारे ३१ टनांचा.

१८१८ साली जॉन रॉस हा ब्रिटिश नाविक तेथे पोहोचला. या लोकांजवळ ना खाण, ना भट्टी, ना भाता. तरी हाती हाडाच्या मुठीच्या लोखंडी सुऱ्या! त्यांची रीत अशी. दुरून आणलेल्या कठीण काळ्या दगडांनी अशनी ठेचावयाची, निघालेला कपचा थंडच ठोकून चपटा करावयाचा, आणि असे तुकडे हाडाच्या खाचेत ओळीने बसवावयाचे. त्या 'बाई'भोवती अशा ठेचणीच्या दगडांची हजारोंची रास पडली होती. किती पिढ्यांचे हात लागले असतील!

अमेरिकन संशोधक रॉबर्ट पिअरी याला १८९४ मध्ये स्थानिक वाटाड्याने ही जागा दाखविली. बाई व कुत्रा त्याने १८९५ मध्ये नेले, तंबू १८९७ मध्ये. तंबू जहाजावर चढला तेव्हा पिअरीच्या चार वर्षांच्या मुलीने त्याला आपलेच नाव दिले, 'आनिघितो'. ते नाव मुळात एका एस्किमो स्त्रीचे. मुलीचे पहिले केसाळ कातड्याचे कपडे तिनेच शिवले होते. पुढे १९०९ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने हे दगड ४०,००० डॉलरांस विकत घेतले.

तोवर जहाजांवरून लोखंड मिळू लागल्याने दगडांचा वापर मागे पडला होता, हे खरे. पण गिरणी आली म्हणून आपल्या माजघरातले आजीचे जाते कोणी उचलून नेले, तर आपण काय म्हणू?

त्याच जहाजातून सहा माणसेही न्यूयॉर्कला नेली गेली. काही महिन्यांतच त्यांतील चौघे आजाराने दगावले. मिनिक हा लहानगा पोर पोरका झाला. त्याच्या समाधानासाठी बापाच्या दफनाचे नुसते सोंग करण्यात आले. अस्थी संग्रहालयातच ठेवल्या होत्या. मोठेपणी हे कळल्यावर त्याने त्या मागितल्या, पण मिळाल्या नाहीत. १९१८ च्या साथीत तो अमेरिकेतच वारला.

त्या चौघांच्या अस्थी १९९३ साली कानाक येथे परत नेऊन पुरण्यात आल्या. बाई, कुत्रा व तंबू न्यूयॉर्कलाच आहेत. तंबूचे वजन इतके की त्याचे आधारखांब संग्रहालयाच्या जमिनीतून थेट खालच्या कातळापर्यंत उतरविले आहेत.