वीराची पौगंडावस्था : नाशिक येथे निर्माण झालेल्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटाच्या अनुषंगाने

(१)

वीरकथांच्या इतिहासात एक क्रम पुनःपुन्हा आढळतो. वीर लोकांपुढे प्रथम येतो तो प्रौढ होऊन, पूर्ण सामर्थ्यानिशी. त्याचे बालपण मागाहून सांगितले जाते. जीवनात जे आधी घडते ते वाङ्मयात नंतर येते. हा उलटा क्रम केवळ योगायोगाचा नाही. श्रोत्यांच्या एका स्वाभाविक जिज्ञासेतून तो उद्भवतो. ज्याचे सामर्थ्य ठाऊक झाले आहे तो सामर्थ्य प्रकट होण्यापूर्वी कसा होता, कोणाच्या घरात वाढला आणि आपण इतरांसारखे नाही हे त्याला केव्हा उमगले, हे प्रश्न वीराची कीर्ती स्थिर झाल्यावरच संभवतात.

अमेरिकेतील ‘सुपरमॅन’ या चित्रकथेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जेरी सीगल व जो शुस्टर यांनी निर्मिलेला हा वीर १९३८ मध्ये वाचकांपुढे आला तो प्रौढ वयाचा होता. त्याच्या बालपणाची स्वतंत्र कथामालिका १९४५ मध्ये सुरू झाली. पुढे २००१ ते २०११ या काळात ‘स्मॉलव्हिल’ ही दूरचित्रवाणी मालिका दहा पर्वे व २१७ भाग इतकी चालली, आणि तिचा मुख्य विषय या वीराचे शालेय वय हाच होता. परग्रहावरून आलेले मूल, त्याला वाढविणारे शेतकरी दांपत्य, लहानसे गाव आणि लपवून ठेवावे लागणारे सामर्थ्य एवढ्या सामग्रीवर ती उभी होती. नायकाने तो प्रसिद्ध वेष धारण करू नये व आकाशात उड्डाण करू नये, असा दंडक निर्मात्यांनी प्रारंभापासून पाळला होता. प्रेक्षकांना जे ठाऊक होते ते शेवटपर्यंत दाखवावयाचे नाही, यातच मालिकेचे आकर्षण साठविलेले होते.

या प्रकारचे कथन चलच्चित्राच्या माध्यमातून भारतात ज्यांनी प्रथम यशस्वी केले त्यांत नाशिकच्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव अग्रभागी येते. १९१८ चा ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ या त्यांच्या दोन मूकपटांचा विषय कृष्णाचे जन्म व बाल्य हा आहे. भोळ्या प्रेक्षकांसाठी केलेले चमत्कारपट म्हणून त्यांची वासलात लावण्याची प्रवृत्ती दिसते. ‘कालिया मर्दन’पुरते तरी हे मत टिकणारे नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

(२)

प्रथम कथेच्या इतिहासाकडे वळणे इष्ट ठरेल. महाभारतातील कृष्ण हा यादवांचा नेता, पांडवांचा सखा व मुत्सद्दी आहे. त्याचे गोकुळातील दिवस तेथे सलग कथारूपाने येत नाहीत. ते अज्ञात मात्र नव्हते. सभापर्वात शिशुपाल कृष्णाचा अधिक्षेप करतो तेव्हा गाडा उलथणे, घोडा व बैल यांना मारणे आणि गोवर्धन उचलणे या कृत्यांची तो टवाळी करतो. या कथा लोकांच्या तोंडी असल्याखेरीज ती टवाळी अर्थपूर्ण होणार नाही. परंतु त्यांचे सविस्तर कथन ‘हरिवंशा’त येते, आणि हरिवंश हे महाभारताचे ‘खिल’ म्हणजे पुरवणी आहे. त्यानंतर विष्णुपुराणाचा पाचवा अंश आणि भागवताचा दशम स्कंध यांत हेच बाल्य उत्तरोत्तर विस्तार पावत गेले. मराठीत श्रीधरांच्या ‘हरिविजया’ने (१७०२) ते घरोघरी नेले, गौळणींनी व गोपाळकाल्याने ते उत्सवाचा भाग केले.

रामकथेतही असेच घडलेले दिसते. रामायणाचे बालकांड मूळ काव्यापेक्षा उत्तरकालीन आहे, असे अनेक संशोधक मानतात. विश्वामित्र यज्ञरक्षणासाठी रामाला मागतो तेव्हा तो अद्याप सोळा वर्षांचाही नाही, असे दशरथ काकुळतीने सांगतो. तो प्रसंग याच कांडातील आहे. नाशिकच्या पंचवटीशी परंपरेने जोडलेला राम अरण्यकांडातील, प्रौढ राम आहे. ख्रिस्तचरित्राची गोष्ट निराळी नाही. सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान येशूच्या प्रौढ वयापासून सुरू होते. लूक बाराव्या वर्षाचा एकच प्रसंग देतो. बालपणीच्या चमत्कारांची रेलचेल पुढील काळातील, धर्मग्रंथांत समाविष्ट न झालेल्या लेखनात आढळते. लॉर्ड रॅग्लन यांनी १९३६ मध्ये वीरकथांचे बावीस समान घटक नोंदविले. त्यांतील नववा घटक असा की, वीराच्या बालपणाविषयी काहीच सांगितलेले नसते. ही रिकामी जागाच पुढील कथाकारांना निमंत्रण देते, असे म्हणावयास हरकत नाही.

या साम्यांवरून कोणी कोणाचे अनुकरण केले असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. त्यागलेले वा दूर धाडलेले मूल आणि पालक माता-पिता ही कल्पना कर्णापासून मोझेसपर्यंत आढळते, हे ओटो रांक यांनी १९०९ मध्येच दाखविले होते. साम्याचे कारण कथनाच्या गरजेत शोधावयास हवे. वीराचे सामर्थ्य झाकावयाचे तर त्याला साध्या माणसांत नेऊन ठेवणे भाग पडते. गोकुळातील गोपांचे घर आणि कॅन्ससमधील शेतकऱ्याचे घर यांचे कथेतील कार्य म्हणूनच एक आहे.

(३)

या ठिकाणी एका शब्दाचा इतिहास उद्बोधक ठरतो. इंग्रजी अमदानीत व त्यानंतर मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र मराठीत आले तेव्हा बाल्य व तारुण्य यांमधील वयाला ‘पौगंडावस्था’ ही संज्ञा रूढ झाली. आज या शब्दाने साधारणतः तेरा ते एकोणीस वर्षांचे वय सूचित होते. संस्कृत टीकापरंपरेत मात्र पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड व पंधरापर्यंत कैशोर अशी विभागणी आढळते. हिंदीने या वयासाठी ‘किशोर’ शब्द स्वीकारला, ज्याचा मूळ अर्थ घोड्याचे शिंगरू असा होता. मराठीने ‘पौगंड’ उचलला व त्याची कालमर्यादा पुढे सरकविली.

भागवताच्या दशम स्कंधातील पंधराव्या अध्यायाच्या आरंभी राम-कृष्णांनी पौगंड वयात प्रवेश केल्याचे सांगितले आहे. आता ते वासरे नव्हे तर गाई राखण्यास योग्य ठरतात. आणि लगेच पुढच्या, सोळाव्या अध्यायात कालियाचे दमन येते. म्हणजे घरातील खोड्यांकडून बाहेरच्या जबाबदारीकडे जाण्याचे वय आणि पहिले मोठे संकट यांची सांगड ग्रंथकाराने जाणीवपूर्वक घातली आहे. शब्दाच्या जुन्या मर्यादेने पाहिले तर कालियाची कथा ही अक्षरशः पौगंडावस्थेची कथा होय.

(४)

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांचे घर संस्कृत विद्येचे होते. चित्रकला, छायालेखन, मुद्रण यांचे शिक्षण व अनुभव त्यांनी घेतला. ‘प्रोफेसर केल्फा’ असे आपले आडनाव उलटे करून जादूचे प्रयोगही केले. मुंबईत येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना आपल्या मनःचक्षूंपुढे कृष्ण, राम, गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिले. ही आठवण बहुधा स्वदेशी उद्योगाच्या प्रेरणेचा पुरावा म्हणून दिली जाते. तथापि तीत अयोध्येइतकेच गोकुळही होते, हे विसरता कामा नये. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपले कार्य नाशिकला हलविले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी तेथे उभी राहिली.

दोन्ही कृष्णपटांत कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी स्त्रिया मिळेनात म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली होती, येथे उलट मुलगी मुलगा झाली. ‘कालिया मर्दन’च्या वेळी तिचे वय सात वर्षांचे होते, म्हणजे जुन्या विभागणीनुसार नेमके पौगंड. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळ्या भावांचे स्वतंत्र दर्शन घडविले आहे आणि मग तीच मुलगी प्रेक्षकांदेखत कृष्णरूपात विलीन होते. चमत्कार दाखवून प्रेक्षकाला फसविणे एवढाच हेतू असता, तर नट व देव यांमधील सांधा असा उघडा करून दाखविण्याचे प्रयोजन नव्हते. हे घरचे मूल आहे, असे फाळके आधी सांगतात व मगच त्याला देव करतात.

पुढील रचनाही याच विचाराला धरून आहे. चित्रपटाचा पुष्कळसा भाग गोकुळातील खोड्यांचा आहे. कृष्ण व त्याचे सवंगडी लोणी चोरतात, गावातील बायकांच्या तक्रारी येतात. निजलेल्या धनिकाची दाढी त्याच्या बायकोच्या केसांशी बांधली जाते. या भागात कृष्णाचे देवत्व जवळजवळ झाकलेले आहे. तो गावातला व्रात्य पोर आहे, इतकेच. नंतर डोह येतो. पाण्याखाली नागाशी चाललेले युद्ध आणि काठावर आक्रोश करणारे गोकुळ ही दृश्ये फाळके आळीपाळीने दाखवितात. या योजनेचे मूळ भागवतातच आहे. तेथे सारे व्रज शोकाकुल असता बलराम तेवढा स्मित करतो, कारण धाकट्या भावाचे सामर्थ्य त्याला ठाऊक असते. मूकपटातील प्रेक्षक हा त्या बलरामाच्या जागी बसलेला आहे. काठावरच्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसते. तरीही काठावरच्यांचे दुःख त्याला भिडल्यावाचून राहत नाही. जाणता व अजाणता या दोन दृष्टींमधील ताण हाच वीराच्या पूर्ववयाच्या कथेचा प्राण होय, आणि तो शब्दाच्या आधाराविना, केवळ दृश्यांच्या क्रमाने साधणे ही १९१९ मधील लहान कामगिरी नव्हे.

(५)

१९१९ हे रौलट कायद्याचे व जालियनवाला बागेचे वर्ष. विषारी नागाला नमविणारा बालक ही प्रतिमा त्या वर्षी राजकीय रूपक म्हणून योजिली गेली, असे म्हणण्याचा मोह होतो. त्या काळी पौराणिक कथेला असा अर्थ चिकटत असे हे खरे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक सरकारने बंद केले ते याच कारणाने. नाशिकला तर १९०९ च्या डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनचा वध करणारा अनंत कान्हेरे स्वतःच जेमतेम अठरा वर्षांचा होता. तथापि कालसान्निध्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शिवाय मूळ कथेत कालिया मारला जात नाही. त्याच्या पत्नींच्या विनवणीवरून त्याला सोडून दिले जाते. संहाराचे रूपक शोधणाऱ्याने ही क्षमा दृष्टिआड करणे योग्य होणार नाही.

पुढील परंपरा मात्र निश्चित दिसते. ‘प्रभात’च्या ‘गोपाल कृष्ण’ (१९३८) या बोलपटात किशोरवयीन राम मराठे कृष्ण झाले. रामानंद सागर यांच्या १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘श्री कृष्णा’ या दूरचित्रवाणी मालिकेत तरुण कृष्णाची भूमिका स्वप्नील जोशी या मराठी नटाने केली आणि प्रौढ कृष्णासाठी दुसरा नट योजला गेला. वीराच्या पूर्ववयाला स्वतंत्र मुख असावे, ही कल्पना आता रूढ झाली होती.

फाळके यांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग उरला आहे. त्यामुळे या एका चित्रपटावर फार मोठा भार पडतो : आद्य मराठी चित्रकर्त्याला कथनाची कोणती जाण होती, याचा निर्णय मुख्यतः त्याच्याच आधारे द्यावा लागतो. तो चमत्कारपटांच्या यादीत टाकून दिला, तर गमावला जातो तो केवळ एक जुना चित्रपट नव्हे. शतकानुशतके खिलग्रंथांतून, हरिविजयाच्या पारायणांतून व गौळणींतून घडत आलेली एक कथनरीती नव्या यंत्राच्या हाती कशी सोपविली गेली, याचा प्रत्यक्ष पुरावाच त्याबरोबर दृष्टिआड होतो.