दिनविशेष : १८ एप्रिल
आज जागतिक वारसा दिन. ‘इकोमॉस’ या वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ साली तो सुचवला, पुढच्याच वर्षी युनेस्कोने मान्यता दिली. असा वारसा पाहायला परभणीकरांना लांब जायला नको. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूर आहे. तिथले गुप्तेश्वर मंदिर उंच जोत्यावर उभे असून बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. खाली सगळा दगड, शिखर मात्र विटांचे. अशा मंदिरांत चुना न वापरता खाचा पाडून दगडात दगड बसवत. गावोगावची काळ्या दगडाची देवळे आपण सर्रास हेमाडपंताच्या नावावर खपवतो! तो १३व्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. चुन्याविना दगड बसवण्याची ही बांधणी त्याच्याही आधीची. जिंतूर तालुक्यात चारठाण्याचा कोरीव दगडी स्तंभही आवर्जून पाहावा.