बरगे काढणे व घालणे (सुरक्षा)

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरचे हंगामी आणि जोखमीचे काम. नदीपात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा आणि खाचांत आडवे सरकवलेले बरगे (फळ्या), अशी या बंधाऱ्याची रचना असते. पूर्वी बरगे लाकडी असत, आता बहुतेक लोखंडी आहेत. पावसाळा सरला की ते घालून पाणी अडवतात; पुढचा तोंडावर आला की काढून नदी मोकळी करतात. पंचगंगा नदीवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे ओळीने आहेत.

घालण्यापेक्षा काढणे अवघड. 3 मीटर पाणी अडलेले असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 3 टन दाब असतो. बरगा खाचेत आवळून बसतो आणि सुटतो तो झटक्याने. म्हणून वरचे बरगे आधी काढून पातळी हळूहळू उतरवावी लागते. ओढणाऱ्या साखळीच्या रेषेत कोणी उभे राहू नये. वरच्या अंगाला पाण्यात उतरणे सर्वांत घातक, कारण उघड्या गाळ्याकडे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेकडे, लागलेली ओढ माणसाला उरलेल्या बरग्यांवर दाबून धरते. खालच्या अंगाला पडणारे पाणी उलटे फिरते, आणि त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली खेचला जातो. पंचगंगेत पोहायला शिकलेल्याला हे सांगून पटत नाही. पण तिथे पोहण्याचे कसब कामी येत नाही. कमरेला पक्की गाठ मारलेला दोरही धोक्याचा, कारण प्रवाहात तोच माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. अंगात लाइफ जॅकेट हवे, आणि खालच्या काठावर फेकायचा दोर घेऊन उभा असलेला माणूस.

खरी अडचण वेळेची आहे. उसाला पाणी हवे म्हणून बरगे शेवटपर्यंत ठेवावेत, असा शेतकऱ्यांचा आग्रह असतो, आणि तो रास्तही आहे. पण 2025 मध्ये मोसमी पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात पोहोचला. अशा वर्षी चढत्या पाण्यात घाईने काम उरकावे लागते. जलपर्णी आणि वाहून आलेली लाकडे गाळ्यात अडकली की काम आणखी बिकट होते. ती काढायला बंधाऱ्यावरच्या स्लॅबवरून वाकणे टाळावे. अनेक ठिकाणी कठडा नसतो. स्लॅबवरून पाणी वाहू लागल्यावर तर पायी वा वाहनाने कोणीच जाऊ नये. ऑगस्ट 2024 मध्ये शिरोळ तालुक्यात अकिवाटजवळ रस्त्यावरच्या पुराच्या पाण्यात ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून माणसे दगावली.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांवर गेले. इशारा आणि धोका पातळीचे आकडे गावांसाठी आहेत. बंधारा 39 फुटांच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो, त्यामुळे बरगे काढणाऱ्यांसाठी काम थांबवण्याची वेगळी खूण प्रत्येक बंधाऱ्याच्या खांबावर रंगवलेली असायला हवी.