वाट आणि वहिवाट

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या कोजागिरीनंतर एका सभासदांचे चिरंजीव माझ्याकडे अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन आले. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या जीपगाड्या बाळगणाऱ्या एका क्लबचे ते सभासद. रविवारी पहाटे दहाबारा गाड्यांचा ताफा घेऊन ही मंडळी गुडगाव-फरिदाबादकडच्या अरवलीच्या टेकड्यांत जात आणि दगडधोंड्यांतून, कोरड्या ओढ्यांतून गाड्या हाकीत. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर कोणी तरी आडवा चर खणला होता. "काका, आम्ही वर्षानुवर्षे येथून जातो. सार्वजनिक वाट आहे. आमचा हक्क सरकारी भाषेत नीट मांडून द्या," अशी त्यांची विनंती होती.

सारा जन्म टिपणे लिहिण्यात गेलेल्या मनुष्यास असे काम नाकारवत नाही. मात्र हक्क मांडावयाचा तर तो आला कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. त्या शोधातून हाती आलेला इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

वाटेच्या हक्काला आपल्या भाषेत 'वहिवाट' असा सुरेख शब्द आहे. त्याला दोन अर्थ आहेत. एक, रूढीने चालत आलेला वापर, दुसरा, कारभार. बडोदे संस्थानात तालुक्याच्या अंमलदारास 'वहिवाटदार' म्हणत, ते या दुसऱ्या अर्थाने. वापरणारा आणि निगा राखणारा यांना आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात बसविले, यात मला मोठे शहाणपण दिसते. आमच्या गावी पाणंदीवरून भाऊबंदांत तंटे होत. पण पावसाळा सरला की तेच भाऊबंद तीच पाणंद मुरूम टाकून दुरुस्त करीत.

कायद्यानेही या रूढीची दखल घेतली. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार २० वर्षे अखंड व शांततेने वापरलेल्या वाटेवर हक्क प्राप्त होतो. जमीन सरकारी असेल तर ३० वर्षे लागतात. मुंबई इलाख्यात १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने शेताच्या वाटेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदारास मिळाला. परंतु सुखाधिकार हा जमिनीला जडलेला असतो. शेताला वाट हवी, म्हणून हक्क. छंदाला शेत नसते. शिवाय १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे २५ वे कलम असे की, सोयीची पर्यायी वाट उपलब्ध असेल तर राखीव वनातील सार्वजनिक वाटदेखील शासनाच्या पूर्वमंजुरीने बंद करता येते. चिरंजीवांचा अर्ज येथेच लंगडा पडू लागला.

मग मोटारवाल्यांना या देशात रस्ते मिळाले तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतच, आणि एका मराठी माणसाच्या नावाशी निगडित आहे, याचा आपणां दिल्लीकरांस अभिमान वाटावा. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाड्यांसाठी केलेले रस्ते उखडू लागले. १९२७ साली मध्यवर्ती सरकारने रस्तेविकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मध्यवर्ती कायदेमंडळातील मुंबईचे प्रतिनिधी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार प्रांतांस व स्थानिक संस्थांस पेलवेनासा झाला आहे, तेव्हा ते राष्ट्रीय कार्य समजावे आणि मोटार वापरणाऱ्यानेही खर्च उचलावा, असा १९२८ च्या अहवालाचा रोख होता. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. १९३४ साली स्थापन झालेली भारतीय रस्ते काँग्रेस ही त्याच शिफारशींची परिणती. थोडक्यात, मोटारवाल्याने वाटेचा हक्क मिळविला तो पैसे मोजून आणि नियम मान्य करून.

जीप मात्र रस्ता नसेल तेथेही जाण्यासाठीच जन्मली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडविलेली ही गाडी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत महिंद्र कंपनी जुळवू लागली. धरणाच्या जागा, दुष्काळी तालुके, निवडणुकीची केंद्रे अशा ठिकाणी सरकार पोहोचले ते बहुधा जीपमधून. १९८५ साली गुडगावच्या कारखान्यातून जिप्सी बाहेर पडली आणि पुढे कामाची गाडी हौसेचीही झाली.

हौस वाईट नव्हे. पण तिला हद्द लागते. अमेरिकेत १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका आदेशाने सरकारी जमिनींवर अशा गाड्यांना कोणत्या वाटा खुल्या व कोणत्या बंद, हे ठरवून देण्यास खात्यांना सांगितले. इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, ज्या कच्च्या वाटांवरील मोटारींच्या हक्काची रीतसर नोंद नव्हती, तेथील तो हक्क संपुष्टात आला. माझ्यासारख्या दफ्तरी माणसास यातील बोध लगेच कळतो. नोंद नसलेली वाट कधी हरवेल याचा नेम नाही.

हे सारे चिरंजीवांस सांगितले आणि अर्ज पाठविण्यापूर्वी आपण तो चर तरी पाहू, असे सुचविले. पुढच्या रविवारी गेलो. चर सरकारने खणला असावा, असा क्लबचा समज होता. तेथे गुरे चारणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी शांतपणे सांगितले की, चर गावानेच खणला. खाली त्यांचा जोहड, म्हणजे पावसाचे पाणी साठविणारे गावतळे होते. जीपच्या चाकोऱ्या उतारावर खोल गेल्या, पावसाचे पाणी त्यांतून वाहू लागले, माती वाहून गेली आणि जोहड गाळाने भरला. "वाट आमच्या गुरांची होती. तुम्ही तिचा नाला केलात," एवढेच ते म्हणाले.

आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. मला आठवला तो १९०० सालचा पंजाब भूसंरक्षण कायदा. होशियारपूरकडील शिवालिकच्या उघड्या पडलेल्या उतारांवरून 'चो' नावाचे ओढे वाळू आणून शेते बुडवीत, म्हणून तो झाला. आणि आज हरयाणातील अरवलीच्या मोठ्या भागास तोच आधार आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचे कारण आमच्या पायांपुढे पडले होते.

अर्ज पाठविला, पण तो निराळा. हक्काचा शब्द त्यात ठेवला नाही. आधीच मळलेली, वनाबाहेरची एखादी गाडीवाट मोजून, गावाच्या संमतीने नेमून द्यावी. गाड्यांची संख्या ठरवावी. पावसाळ्यात ती बंद असावी. क्लबने शुल्क भरावे व दुरुस्ती करावी, अशी विनंती केली. अर्जास उत्तर अद्याप आलेले नाही. मात्र त्या हिवाळ्यात क्लबच्या मुलांनी चार रविवार जोहडातील गाळ काढला. जीपगाड्या त्यांनी सडकेवरच उभ्या केल्या होत्या.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. परमुलखात आपली ही वाट मोडली नाही, कारण कोणी तरी दरवर्षी वर्गणी गोळा केली, इतिवृत्त लिहिले, सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. वहिवाट म्हणतात ती हीच. पुढच्या पिढीने मंडळावर हक्क जरूर सांगावा. सतरंजीचे एक टोक मात्र हाती धरावे.